खर्जाची हौस



मागील महिन्यातील एका रविवारी सकाळची मिस्सा आटोपून घरी परतलो, तो पडवीत माझ्या दोघा पुतण्यांचा वाद ऐन रंगात आलेला. थोरला बेळगावात एका कारखान्यात नोकरीस आहे. खानापूर तालुक्यातील आमच्या गावाहून तो रोज बसने ये-जा करतो. धाकटा अद्याप कॉलेजात आहे. वाद जमिनीचा नव्हता, की पैशाचाही नव्हता. तो होता कानात घालावयाच्या इयरफोनांचा. थोरल्याने आपल्या पगारातून दोन हजार चारशे रुपयांची नवी जोडी आणली होती. तिच्यात 'बेस' जबरदस्त आहे, असे खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेले. धाकट्यापाशी सहाशे रुपयांची साधी जोडी. पण खरा बेस आपल्याच जोडीत आहे, असा त्याचा हट्ट. मला पाहताच तो म्हणाला, "काका, आता तुम्हीच निवाडा करा. चाळीस वर्षे तुम्ही चर्चच्या गायकवृंदात बेस गात आला आहात."

मी खुर्चीवर बसतो न बसतो, तोच वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्या म्हणाल्या, "भावोजी, बेसाचा निवाडा सावकाश करा. ह्या थोरल्याला रात्री जेवायला तीन-तीनदा हाक मारली तरी ऐकू जात नाही, त्याचा निवाडा अगोदर करा." सगळे हसले. थोरला मात्र हसला नाही. थोड्या वेळाने हलक्या आवाजात तो मला म्हणाला, "काका, रात्री निजलो म्हणजे उजव्या कानात बारीक शिट्टी वाजल्यासारखे होते." त्या क्षणी माझ्या ध्यानात आले की, दोन्ही खटले वस्तुतः एकच आहेत. त्याच खटल्याची हकीकत आज सांगावयाची आहे. कारण असे इयरफोन आता आपल्या गावांतील घरोघरी पोहोचले आहेत, आणि जुन्या मंडळींनी त्यांना नाके मुरडून काहीच साधणारे नाही.

प्रथम माझाच कबुलीजबाब देतो. या हौसेपासून मीही मुक्त नाही. माझ्या टेबलाच्या खणात तीन जोड्या आहेत: एक आठवड्याच्या बाजारात अडीचशे रुपयांस घेतलेली, एक लेकीने वाढदिवसाला दिलेली आणि एक जावयाने आखातातून आणलेली. ज्याने आयुष्यभर खालच्या पट्टीत गायन केले, त्याला खालचे सूर ऐकण्याची ओढ असावी, यात नवल ते काय? सोप्रानो आणि टेनोर यांचे गाणे सर्वांच्या कानी पडते. बेसाचे तसे नसते. तो असतो तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही, आणि नसतो तेव्हा सारे गीत पायाविना उभ्या राहिलेल्या भिंतीसारखे वाटते.

बेस म्हणजे तरी काय? आपल्या भाषेत त्यास खर्ज अथवा ढाला आवाज म्हणतात. ध्वनी म्हणजे हवेची कंपने, हे आपण शाळेत शिकलो. सेकंदास किती कंपने होतात, त्यास हर्ट्झ म्हणतात. निरोगी तरुण कानाला सुमारे २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. यांपैकी २० पासून अडीचशेपर्यंतचा तळाचा पट्टा म्हणजे बेस. गायकवृंदातील बेस गाणारा पुरुष सामान्यतः ८२ हर्ट्झच्या आसपासच्या सुरापर्यंत उतरतो. बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झवर बोलते. मोठ्या चर्चमधील ऑर्गनची १६ फूट लांबीची उघडी नळी सुमारे ३३ हर्ट्झचा सूर देते. तो सूर कानाने ऐकण्यापेक्षा बाकावर बसलेल्या अंगालाच अधिक जाणवतो.

आता गंमत पाहा. ज्या सुरासाठी ऑर्गनला १६ फुटांची नळी लागते, तोच सूर कानातल्या बोराएवढ्या डबीतून कसा निघतो? त्या डबीत एक लहानसे लोहचुंबक, बारीक तारेचे एक वेटोळे आणि एक पातळ पडदा असतो. या सर्व मिळून घडलेल्या भागास ड्रायव्हर म्हणतात. त्याचा व्यास बहुधा ६ ते १२ मिलिमीटर असतो. एवढासा पडदा सबंध चर्च कधीच घुमवू शकणार नाही. परंतु त्याला चर्च घुमवावयाचे नसतेच. त्याला फक्त तुमच्या कानाच्या नळीतील चिमूटभर हवा हलवावयाची असते.

मात्र त्यासाठी एक अट आहे. ती हवा कोंडलेली असली पाहिजे. सायकलच्या पंपाच्या तोंडावर अंगठा घट्ट दाबून धरला, तर दट्ट्या किंचित हलताच अंगठ्याला दाब जाणवतो. अंगठा थोडा सैल केला, की हवा फसकन निघून जाते आणि दाब म्हणून काही उरत नाही. इयरफोनचेही असेच आहे. रबरी टोपी कानाच्या नळीत घट्ट बसली, तर पडद्याच्या सूक्ष्म हालचालीनेही खोल सूर उमटतात. कडेला जराशी फट राहिली, की खर्ज त्या फटीतून पळतो. उंच सूर मात्र तसेच ऐकू येत राहतात, आणि ऐकणारा म्हणतो, "ह्या जोडीत बेसच नाही!"

ज्यांनी घुमट वाजताना पाहिले आहे, त्यांना हे सांगावयास नको. गोव्यात माझ्या आजोळी घुमट होते. मडक्यासारख्या त्या मातीच्या वाद्याच्या मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले असते, आणि दुसरे लहान तोंड उघडे असते. पूर्वी त्यासाठी घोरपडीचे कातडे वापरीत. वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यामुळे आता बकऱ्याचे वापरतात. माझे मामा एका हाताने कातड्यावर बोल काढीत आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्या उघड्या तोंडावर कधी ठेवीत, कधी उचलीत. तळवा हलला, की आवाजाची सारी प्रकृतीच पालटे. नाद जितका कातड्यात, तितकाच आतल्या हवेत आणि तिच्या वाटेत असतो, हे मी प्रथम त्या तळव्याकडून शिकलो. २०१९ साली गोवा शासनाने घुमटास राज्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित केले, तेव्हा मला मामांची फार आठवण झाली.

तर त्या रविवारी आम्ही पडवीत न्यायालय भरविले. प्रत्येक जोडीच्या टोप्या धुऊन, पुसून कोरड्या केल्या. कारण एकाच्या कानातील वस्तू दुसऱ्याने तशीच कानात घालणे ही चांगली रीत नव्हे. प्रथम धाकट्याची सहाशेची जोडी मी कानात घातली. खर्ज जवळजवळ नाहीच. थोरला विजयी मुद्रेने पाहू लागला. धाकटा बिचारा गोंधळला. कारण त्याच्या कानात तीच जोडी घुमत होती. एकच जोडी, एकच गाणे आणि दोन कानांत दोन निकाल! तेव्हा मी विचारले, "हिच्याबरोबर आणखी टोप्या मिळाल्या होत्या ना?" कपाटातून खोके आले. त्यात लहान आणि मोठ्या टोप्यांची पुडी न फोडलेली तशीच पडली होती. मोठ्या टोप्या बसविल्या. डावा हात डोक्यावरून नेऊन उजवा कान किंचित वर आणि मागे ओढला, आणि इयरफोन हळूच आत सारला. मग दुसऱ्या बाजूस तसेच केले. उजव्या कानात खर्ज भरून आला. डाव्या कानात मोठी टोपी नीट शिरेना, म्हणून तिथे मधली ठेवली. माझे दोन कान सारख्या मापाचे नाहीत, हे ज्ञान मला या वयात झाले. पुष्कळांचे तसेच असते.

तात्पर्य, नवी जोडी विकत घेण्यापूर्वी जुन्या जोडीच्या टोप्या बदलून पाहाव्यात. मऊ फोमच्या टोप्याही मिळतात. त्या बोटांत चेपून कानात घालावयाच्या आणि फुगेपर्यंत क्षणभर धरून ठेवावयाच्या. रबराने ज्यांच्या कानात फट राहते, त्यांना त्या उपयोगी पडतात. एका बाजूने आवाज कमी येऊ लागला, तर डबी बिघडली असे एकदम मानू नये. पुष्कळदा तिच्या तोंडावरील जाळीत कानातील मळ अडकलेला असतो, आणि कोरड्या मऊ ब्रशाने तो निघून येतो. बाजारात घेतलेली माझी अडीचशेची जोडी मी अशाच अज्ञानाने सहा महिने मृत समजून ठेवली होती.

आता तुलना. इथे दोघाही पुतण्यांनी एक चूक केली होती, आणि ती शहाण्यासुरत्या माणसांच्या हातूनही होते. थोरला मोबाईलचा आवाज पंधरापैकी चौदा रेघांवर ठेवून आपली जोडी ऐके. धाकटा आपली नऊवर ऐके. मोठा आवाज आपल्या कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. शिवाय खर्जाच्या बाबतीत त्यास एक खास कारण आहे. हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९३३ साली दाखवून दिले की, माणसाचा कान सर्व सुरांना सारखे वागवीत नाही. हलक्या आवाजात खालचे सूर त्याला फारच कमी ऐकू येतात. आवाज जसजसा चढवावा, तसतसे ते इतर सुरांच्या बरोबरीस येतात. म्हणून जो आवाज चढवितो, त्याला आपल्या जोडीत बेस अधिक आहे, असे वाटणारच. त्यात जोडीचे कर्तृत्व थोडे आणि मोबाईलच्या बटनाचे फार!

मोबाईलवरील रेघा सारख्या ठेवल्या म्हणजे तुलना न्याय्य झाली, असेही नाही. तेवढ्याच विजेवर एक जोडी मोठ्याने बोलते, तर दुसरी हळू. म्हणून आम्ही अशी युक्ती केली. एका वक्त्याचे भाषण लावले, आणि त्याचा आवाज दोन्ही जोड्यांत सारखाच मोठा वाटेपर्यंत बटन कमी-जास्त केले. त्या खुणा कागदावर लिहून ठेवल्या, आणि मगच संगीत लावले. गाणे तेच, त्यातील तुकडा तोच आणि बदल झटपट. कारण कानाची स्मरणशक्ती अल्प असते. अर्ध्या तासापूर्वी ऐकलेला खर्ज आणि आत्ता ऐकतो तो खर्ज यांचा ताळा मन आपल्या इच्छेप्रमाणे जुळवून टाकते.

ऐकण्यासाठी तीन गोष्टी निवडल्या. एक, ज्यात बेस गिटार सुरावरून सुरावर चढते-उतरते असे गीत; दोन, ढोलाचे ठोके असलेले सिनेमातील गाणे; तीन, आमच्याच गायकवृंदाचे गेल्या नाताळातील ध्वनिमुद्रण. थोरल्याच्या जोडीत ढोलाचा ठोका असा बसला, की धाकट्याचे डोळेच विस्फारले. ठोक्यात ती खचित वरचढ होती. परंतु बेस गिटारचे सूर तीत निरनिराळे ऐकू येईनात. सगळे एकाच 'धम्म'मध्ये विरघळून गेले. आणि गायकवृंदाच्या मुद्रणात आम्हा चौघा बेसवाल्यांचा आवाज रांजणात तोंड घालून गायल्यासारखा फुगला, आणि त्याखाली आल्टोच्या बायांचे शब्द बुडाले. धाकट्याच्या जोडीत, योग्य टोप्यांसह, ठोका हलका पडला. तथापि प्रत्येक सूर आपापल्या पायरीवर उभा होता, आणि शब्दन्‌शब्द कळत होता.

याचेही शास्त्र आहे. खालचा जोरदार ध्वनी आपल्या वरच्या ध्वनींना झाकून टाकतो. वरचे ध्वनी खालच्यांना तितके झाकू शकत नाहीत. म्हणून बेस वाढविताना तो कोठे वाढविला आहे, हे महत्त्वाचे ठरते. ६० हर्ट्झच्या खाली वाढविला, तर जमिनीखालून येणाऱ्या गडगडाटासारखा भास होतो, आणि मानवी आवाजाला धक्का लागत नाही. शंभर ते तीनशेच्या दरम्यान फार वाढविला, तर पुरुषाच्या आवाजाचे मूळच तेथे असल्याने गाणे गढूळ होते. पावसाळ्यात ओढ्याला पाणी वाढले म्हणजे ते वाढते खरे. पण तळ दिसेनासा होतो.

खोक्यावरील आकड्यांविषयीही थोडे सांगावयास हवे. एका जोडीवर '४ ते २४,००० हर्ट्झ' असे छापलेले मी पाहिले. माणसाचा कान २० च्या खाली ऐकतच नाही, तेव्हा त्या चाराचा आपल्याला उपयोग काय? १२ मिलिमीटरचा ड्रायव्हर ६ मिलिमीटरच्या दुप्पट बेस देतो, हीही समजूत खरी नव्हे. घडण, डबीची छिद्रे आणि कानातील बैठक यांवर सारे अवलंबून असते. आणि किंमत? येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनांची मापे तपासून २०१७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. हेडफोन खालचे-वरचे सूर कोणत्या प्रमाणात देतो आणि त्याची किंमत किती, या दोहोंत त्याला काहीही संबंध आढळला नाही. अधिक पैशांत मजबूत तार, चांगली वीण, सुबक डबी हे मिळत असेल. सुराचा समतोल मिळेलच, याची हमी नाही. हे ऐकून थोरला जरा खट्टू झाला. मी त्याला म्हणालो, "पैसे वाया गेले नाहीत. ठोक्यात तुझी जोडी खरोखरच चांगली आहे. फक्त ती ऐकावी कशी, ते शिकावयाचे राहिले आहे."

कारण मूळ खटला अजून बाकी होता: ती कानातील शिट्टी.

थोरला सकाळ-संध्याकाळ मिळून दोन तास बसमध्ये असतो. बसच्या इंजिनाची घरघर हीसुद्धा खर्जाचीच बनलेली आहे. ती गाण्यातील खर्ज गिळून टाकते. मग खर्ज परत मिळविण्यासाठी तो आवाज चढवी. आवाज चढला, की खर्जाबरोबर बाकीचे सारे सूरही चढत. टोप्या मुळात सैल असल्याने बाहेरचा गोंगाट आत येई आणि आतला खर्ज बाहेर जाई. म्हणजे दोन्ही बाजूंनी तोटा, आणि त्याची भरपाई कानाने करावयाची!

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मिळून २०१८ साली यासंबंधी एक प्रमाण ठरविले. प्रौढाने आठवड्यातून ८० डेसिबलच्या आवाजात ४० तासांहून अधिक ऐकू नये. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आणि ४० तास. आवाज तीन डेसिबलांनी वाढला, की वेळ निम्म्यावर येतो. ८३ ला वीस तास, ८६ ला दहा, ८९ ला पाच. बटनाच्या एक-दोन रेघांत हा फरक पडून जातो आणि आपल्याला तो कळतही नाही. थोरल्याचे केवळ बसमधील ऐकणेच आठवड्यास बारा तास होते. रात्री निजताना ऐके, ते निराळेच.

आपल्या आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी एक वळलेली नळी आहे. तिच्यात केसासारखी टोके असलेल्या सुमारे पंधरा हजार सूक्ष्म पेशी असतात. ध्वनी ओळखण्याचे काम त्या करतात. डोक्यावरचे केस कापले तर पुन्हा उगवतात. या पेशी मेल्या, की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आणि त्यांपैकी प्रथम बळी जातात त्या उंच सुरांच्या. आपल्या बोलण्यातील स, श, फ, थ ही व्यंजने त्या उंच पट्ट्यात असतात. म्हणूनच ज्याचा कान गोंगाटाने बिघडतो, त्याला माणूस बोलतो आहे हे ऐकू येते. पण काय बोलतो ते कळत नाही. खर्ज शेवटपर्यंत शाबूत राहतो. खर्जाच्या हौसेपायी माणूस गमावतो तो खर्ज नव्हे. गमावतो ते शब्द.

दुसऱ्याच आठवड्यात मी थोरल्यास बेळगावच्या एका कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. निःशब्द खोलीत बसवून त्यांनी एकेक सूर ऐकविला आणि आलेख काढला. आलेखाची रेघ जवळजवळ सरळ होती. फक्त उजव्या कानात ४,००० हर्ट्झच्या आसपास एक लहान खळगा पडला होता. गोंगाटाने दुखावलेल्या कानाची हीच खूण. डॉक्टरांनी विचारले, "कामाच्या ठिकाणी यंत्रांचा आवाज असतो काय?" असतो. कारखान्यात कानात घालावयाचे बोळे मिळतात; पण हा ते खिशातच ठेवीत असे. खळगा कारखान्याने किती पाडला आणि संगीताने किती, हे कोणी वेगळे काढून दाखवू शकत नाही; कानाच्या वहीत दोन्ही खर्च एकाच पानावर लिहिले जातात. पडलेला खळगा भरून येणारा नाही, तो वाढू न देणे एवढेच आपल्या हाती, असे त्यांनी शांतपणे सांगितले. परतीच्या बसमध्ये थोरला खिडकीबाहेर पाहत बसला होता. त्याच्या कानात त्या दिवशी काहीच नव्हते.

त्याने इयरफोन टाकून द्यावेत, असे मी म्हटले नाही, आणि डॉक्टरांनीही म्हटले नाही. उलट या वस्तूचा इतिहास मला फार बोधप्रद वाटतो. १९९५ साली अमेरिकेत जेरी हार्वे या ध्वनितंत्रज्ञाने व्हॅन हेलन या वाद्यवृंदाचे ड्रमवादक ॲलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी कानात चपखल बसणारे इयरफोन तयार केले. मंचावर वादकांकडे तोंड करून ठेवलेल्या कर्ण्यांचा कल्लोळ असा असे, की त्यावर मात करण्यासाठी आवाज आणखी चढवावा लागे. बाहेरचा गोंगाट टोपीनेच अडविला, तर आत हळू आवाजातही सगळे ऐकू येते, हे त्या इयरफोनांचे मर्म होते. म्हणजे कान बंद करणारी ही वस्तू हळू ऐकण्यासाठी आहे. आपण तिचा उपयोग मोठ्याने ऐकण्यासाठी करतो.

यातच आमच्या खटल्याचा निकाल आला. चांगला बेस देणारी जोडी कोणती? जिच्यामुळे आवाज खाली आणता येतो, ती. फ्लेचर-मन्सन यांच्या नियमाप्रमाणे हलक्या आवाजात खर्ज विरळ होतो. तेव्हा मुळातच थोडा अधिक खर्ज देणारी जोडी घट्ट बसवून हलक्या आवाजात ऐकली, तर गाणे भरलेलेही वाटते आणि कानही सुरक्षित राहतो. थोरल्याची दोन हजार चारशेची जोडी अशा ऐकण्यास चांगली उपयोगी पडते. चौदा रेघांवरून तो आता आठांवर आला आहे. पहिले चार दिवस त्याला सारे फिके लागले. मग जिभेला कमी मिठाची सवय व्हावी, तशी कानाला सवय झाली. आठांवर शब्दही पूर्वीसारखे बुडत नाहीत, असे तो स्वतःच सांगतो.

ज्यांच्या घरी तरुण मुले आहेत, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. मोबाईलमध्ये सूर कमी-जास्त करण्याची सोय असेल, तर बेस वाढविण्याऐवजी बाकीचे सूर किंचित उतरवावेत. परिणाम तोच होतो आणि एकूण आवाज चढत नाही. आवाजाची कमाल मर्यादा बांधून ठेवण्याची सोय पुष्कळ मोबाईलांत असते. ती मुलांसाठी अवश्य वापरावी. शांत खोलीत आवाज ठरवावा, आणि बसमध्ये चढला की तो पुन्हा वाढवू नये. रस्त्यावरून चालताना, सायकल किंवा मोटारसायकल चालविताना, शेतात ट्रॅक्टरच्या आसपास काम करताना दोन्ही कान मोकळे असावेत. आणि ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजली, किंवा माणसांचे बोलणे कापसाआडून आल्यासारखे वाटले, तर ती थकव्याची नव्हे, इजेची सूचना समजावी.

वहिनींच्या तक्रारीचाही निवाडा झाला आहे. जेवणाच्या वेळी दोन्ही भावांनी इयरफोन दाराजवळच्या फळीवर ठेवावेत, असे ठरले. मीही माझे तेथेच ठेवतो. नियम करणाऱ्याने तो मोडू नये. मुलगा उद्दाम झाला म्हणून ओ देत नाही, असे त्या समजत होत्या, आणि आई उगीच ओरडते, असे तो समजत होता. खरे पाहता, त्याच्यापर्यंत ती हाक पोहोचतच नव्हती. किती घरांतून अशा न पोहोचलेल्या हाकांचे रुसवे होत असतील, कोण जाणे!

येत्या नाताळासाठी गायकवृंदाची तालीम सुरू झाली आहे. आम्हा चौघा बेसवाल्यांपैकी एकाने वयोमानाने यंदा रजा घेतली. त्याच्या जागी थोरला उभा राहतो. पहिल्या दिवशी तो टेनोरच्या मागे वाहवत गेला. मी त्याला म्हणालो, "आपला सूर मोठ्याने काढू नकोस, शेजारच्याचा ऐकू येईल एवढाच काढ." गेल्या बुधवारी त्याने खालचा सूर धरला, आणि धरून ठेवला. तालीम संपल्यावर तो म्हणाला, "काका, हा बेस छातीत वाजतो. इयरफोनात असा वाजत नाही." मी म्हणालो, "तो वाजणारही नाही. त्यासाठी बाकीचे तिघे शेजारी उभे असावे लागतात."